देवळाचा दगड, चुना आणि आपल्या गावचे पाणी

(जीर्णोद्धार सप्ताहात देवळाच्या सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी कीर्तनकार नाही, इंजिनिअर तर नाहीच नाही. तहसील कचेरीतील एक साधा कारकून, शिक्षण एस.एस.सी. पर्यंत. परंतु रेती, मुरूम, गिट्टी आणि विटांची माती यांचे अर्ज-परवाने वर्षानुवर्षे माझ्या हाताखालून गेले. ब्रास म्हणजे १०० घनफूट, एवढ्या हिशेबावर आमची नोकरी चालते. कागदावर रोज ज्याचे माप टाकतो ती वस्तू येते कोठून, ती टिकते कशाने आणि बिघडते कशाने, हे जाणून घेण्याची त्यामुळे गोडी लागली. कुणा जाणत्या मिस्त्रीला विचारावे, पुस्तक मिळाले तर वाचावे, सुटीच्या दिवशी एखादे जुने देऊळ किंवा गढी पाहून यावी, असे करता करता जे गोळा झाले ते आपल्यापुढे ठेवतो. गोड मानून घ्यावे.

सांगायचे ते आधीच सांगतो. आपल्या वाडवडिलांनी गावची जमीन आणि गावचे पाणी ओळखून बांधकामाचे साहित्य निवडले, म्हणून त्यांचे काम टिकले. जेथे ओळखले नाही तेथे ते पडले. आपल्या देवळाचे काम अजून संपलेले नाही. गाभाऱ्याच्या भिंतींना चकचकीत टाइल्स बसवाव्यात, काळ्या दगडाला ऑइल पेंट द्यावा, उघड्या सांध्यांत सिमेंट भरावे, अशा सूचना आल्या आहेत आणि त्यामागची भक्ती खरी आहे. निर्णय समितीने व गावाने करावा. तो करण्यापूर्वी एवढा इतिहास कानांवर असावा, इतकीच माझी इच्छा.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, ज्याला आमच्या दप्तरात गावठाण म्हणतात. हे शब्द उगीच पडलेले नाहीत. काळी माती कापसाला माय आहे, पण घराला वैरीण आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात वाळून आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर ठेवलेली भिंत दरवर्षी उचलली जाते आणि खाली बसते. पांढरी माती तशी फुगत नाही. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती यांनी ती झालेली असते. म्हणून आपल्याकडच्या गढ्या या पांढऱ्या मातीच्या. देशमुख-पाटलांच्या गढ्यांच्या भिंती पुरुष-पुरुष रुंद आणि आज पडक्या असल्या तरी कित्येक ठिकाणी उभ्या आहेत.

त्याच पांढरीवर धाब्याची घरे झाली. मेळघाटच्या सागाचे खांब आणि तुळया, त्यांवर लाकडी चिपा, वर पाला आणि त्यावर खारी माती थोपटून बसविलेली. ही खारी माती का, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. क्षार असलेली माती पाणी लागताच विरघळल्यासारखी होऊन आपली छिद्रे आपणच बुजवून टाकते आणि पाणी खाली उतरू देत नाही. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले लोक. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या ३ जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. पूर्वी पूर्णेकाठच्या विहिरींच्या पाण्यापासून मीठसुद्धा काढीत असत. जे मीठ पिण्याच्या पाण्यात आपले नशीब खोटे करते, तेच मीठ आपल्या आजोबांनी छपरावर राखणीला बसविले. याला म्हणतात जागा ओळखणे. हे मीठ लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

माती कालवताना तिच्यात कुटार घालतात, हे येथील प्रत्येक माउलीला ठाऊक आहे. कुटारामुळे माती तडकत नाही. ही युक्ती फार जुनी. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आणि तुकडे मिसळलेले आहेत, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले गेले. तो गिलावा सुमारे १५०० वर्षे टिकला. आपण हसाल, पण ती भांग भिंतीने घेतली, कारागिराने नव्हे.

भाजलेली वीट आपल्याकडे इंग्रजांनी आणली असा काहींचा समज आहे. बुलडाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन नावाचे गाव आहे. तेथील उत्खननात विटांचा स्तूप निघाला. तो इ.स. पूर्वीचा, मौर्यकाळाच्या सुमाराचा मानतात. तेव्हाच्या विटा आजच्या विटेपेक्षा पुष्कळ मोठ्या असत. म्हणजे याच पूर्णामायच्या गाळाची वीट दोन हजार वर्षांपूर्वीही भाजली जात होती. पुढच्या काळातला नमुना पाहायचा तर बाळापूरचा किल्ला पाहावा. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये तो उभा आहे. १७५७ मध्ये एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने तो पुरा केला. नद्यांच्या काठी गाळ मुबलक, तेव्हा किल्ला विटांचा. नरनाळ्याला डोंगराचा दगड, तेव्हा तेथील महाकाली दरवाजा दगडाचा. तो १४८६-८७ च्या सुमाराचा, फतेउल्ला इमादुल्मुल्क याच्या काळातला.

आता देवळांकडे येऊ. काळ्या पाषाणाच्या जुन्या देवळाला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, तो देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो होता. पण अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीला कालिकादेवीचे देऊळ आहे, तेथील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ च्या सुमाराचा. हेमाद्री मंत्री होण्याच्या ऐंशीएक वर्षे आधीचा. तेव्हा ही पद्धत एका माणसाने काढलेली नाही, तिला नाव मात्र एका माणसाचे मिळाले. बांधणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र सहसा आढळत नाहीत.

ही पद्धत म्हणजे काय? दगडाचे दोन चेहरे असे घडवायचे की एकावर एक ठेवले असता सुतभर फट राहू नये. खाच आणि कुसू यांनी एकमेकांत अडकवायचे, आणि बाकी काम वजनावर सोडून द्यायचे. चुना नाही, सिमेंटचे तर नावही नव्हते. वर छत घालताना प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत काढायचा, कोपरे तिरपे दगड ठेवून झाकायचे, असे करीत करीत मधले भोक लहान होत जाते आणि शेवटी एका शिळेने मिटते. दर्यापूर तालुक्यातील लासूरचे आनंदेश्वर, लोणारचे दैत्यसूदन ही देवळे ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी अवश्य पाहावीत. लासूर तर आपल्यासारख्याच काळ्या मातीच्या मुलखात आहे. तेथे जोते किती भक्कम केले आहे ते पाहावे. सांध्यात चुना नसल्यामुळे जमीन थोडी हालली तर दगड किंचित सरकतो आणि पुन्हा बसतो. तडा जायला तेथे काही ताठ वस्तूच नाही. आपला गाभारा याच जातीचा आहे, मोठ्या देवळांपुढे तो लहान असला तरी.

कमान आणि घुमट आपल्याकडे सर्रास झाले ते पुढे सुलतानी अमदानीत, आणि त्यांच्याबरोबर चुन्याला महत्त्व आले. कारण कमानीतील विटा-दगड एकमेकांना धरून ठेवायला चुना लागतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात चुनखडकाच्या टेकड्या नाहीत. पण शेतात नांगराला लागणारे पांढरे खडे सर्वांनी पाहिले आहेत, तेच चुनखडे, कंकर. ते गोळा करायचे, भट्टीत लाकूड-कोळशावर भाजायचे. भाजताना त्यांतील वायू उडून जातो आणि कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी टाकले की तो उकळ्या मारतो. मग तो भिजत ठेवायचा आणि घाणीत मळायचा. दगडी गोल पन्हळ, त्यात फिरणारे दगडी चाक, त्याला जुंपलेला बैल. रेती किंवा विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, त्यात घालीत. कुणी गूळ, कुणी बेलफळाचा गर, कुणी हिरड्याचे पाणी घाली. सुरखी घातलेला चुना ओलसर जागीही घट्ट होतो. इटलीतील रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख घालीत, त्यातले मर्म तेच.

भिंतीला लावलेला चुना हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. त्याला महिने लागतात, वर्षे लागतात. म्हणून जुनी माणसे म्हणत की चुन्याच्या कामाला घाई चालत नाही. पण त्याचे दोन गुण मोठे. एक म्हणजे तो थोडा लवचिक असतो, आणि दुसरा म्हणजे तो श्वास घेतो. भिंतीत चढलेली ओल त्याच्यातून बाहेर पडून वाळते.

इंग्रजी अमदानीत १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग आपल्या अकोला-बडनेऱ्यावरून गेला. कापूस बाहेर गेला आणि येताना लोखंडी तुळया आणि टिनाचे पत्रे आले. पुढे सिमेंट आले. इंग्लंडमधील लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात १९०४ मध्ये मद्रासला सिमेंट करण्याचा प्रयत्न झाला आणि १९१४ मध्ये पोरबंदरला नीट उत्पादन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. विहीर बांधायची तरी पोत्यांसाठी परवाना लागे, असे आमच्या कचेरीतील जुनी मंडळी सांगत. १९८२ मध्ये नियंत्रण अर्धेमुर्धे उठले, १९८९ मध्ये पूर्ण उठले. त्यानंतर सिमेंट खेड्यापाड्यांत पोहोचले आणि चुन्याच्या घाण्या थांबल्या. अनेक गावांत घाणीचे चाक आज झाडाखाली पडलेले दिसते, त्यावर मुले खेळतात.

मी सिमेंटच्या विरुद्ध बोलत आहे असे कृपा करून समजू नये. जुने ते सर्व सोने नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांतून मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड छप्पर अशी घरे होती. भिंतीच्या दोन बाजू दोन वेगळ्या रचलेल्या, मध्ये भर घातलेली, दोन्ही बाजूंना धरणारा आरपार दगड नाही. हजारो माणसे स्वतःच्या घराखाली गेली. त्यानंतर जाणकारांनी जो उपाय सांगितला त्यात जुने आणि नवे दोन्ही होते : भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालावेत आणि दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा द्यावा. तेव्हा प्रश्न जुन्या-नव्याचा नाही. कोणती वस्तू कोठे शोभते आणि कोठे तग धरते, हा आहे.

आता त्या मिठाकडे येतो. सिमेंट काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळाखी असतात. चांगल्या काँक्रीटमध्ये सळाख गंजत नाही. पण कालवताना खारे पाणी वापरले की क्षार सळाखीपर्यंत जाऊन बसतो आणि ती आतल्या आत गंजू लागते. गंजलेले लोखंड मूळ आकारापेक्षा कितीतरी फुगते, मग काँक्रीटला उभी भेग पडते, खपल्या गळतात. भारतीय मानक ४५६ मध्ये याची मर्यादा लिहिलेली आहे : सळाखी असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराईडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. सळाखी नसलेल्या साध्या काँक्रीटला २००० पर्यंत चालते. पाणी तपासण्याची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. आपल्या पट्ट्यात बोअरचे पाणी न तपासता स्लॅबला वापरणे म्हणजे देवाच्या डोक्यावर कर्ज काढून ठेवणे होय. ते कर्ज आपली नातवंडे फेडतील.

आपल्या समितीने सभामंडपाच्या कामाला गोड्या पाण्याचे टँकर आणले. त्या वेळी गावात काहींनी कुरकूर केली, की उशाशी बोअर असताना टँकरचा खर्च कशाला. तो खर्च हिशेबाच्या पानावर याच स्मरणिकेत दिसेल. तो वाया गेलेला नाही, हे आजच्या सभेत सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला साधारण ३० लिटर पाणी पुरते. कामगाराला कालवायला सोपे जावे म्हणून जास्त ओतले की ताकद कमी होते. मिस्त्रींनी ती शिस्त पाळली. काम उन्हाळ्यातले, ४५ अंशांचे ऊन. अशा उन्हात निदान १० दिवस ओले ठेवावे लागते. ओले पोते अंथरून आणि स्लॅबवर आळी करून आपल्या तरुण मंडळाच्या मुलांनी पाळीपाळीने ते केले, तेही गोड्या पाण्याने.

पायाचेही तसेच. खोल काळ्या मातीत जमिनीचे फुगणे-आकसणे साधारण ३.५ मीटरपर्यंत जाणवते. म्हणून रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेले गोल खांब जमिनीत उतरविण्याची पद्धत बसविली. मंडपाचा भार त्या खांबांनी खालच्या स्थिर मातीवर नेला आहे. आणि नवा मंडप जुन्या गाभाऱ्याला चिकटविलेला नाही, मध्ये बोटभर सांधा सोडला आहे. त्या सांध्याला कुणी फट समजून बुजवू नये. नव्याने जुन्याला ओढू नये आणि जुन्याने नव्याला, म्हणून तो मुद्दाम ठेवलेला आहे. सासू-सुनेची चूल जवळ असावी, पण एक नसावी, तसे समजा.

हे सर्व इतके चांगले झाल्यावर गाभाऱ्याविषयी माझी हात जोडून विनंती आहे. जमिनीतील ओल क्षार घेऊन भिंतीत वर चढते. उघड्या दगडातून, चुन्याच्या सांध्यातून ती वाळून जाते, पांढरा लोणा दिसतो तो झाडून टाकता येतो. टाइल्स लावल्या, सिमेंटचा गिलावा केला, ऑइल पेंट दिला, की ओलीची वाट बंद होते. ती आणखी वर चढते, आतल्या आत क्षार साठतो, विटेची भुकटी होते, चुन्याची भर मोकळी होते आणि एके दिवशी टाइल्ससकट पापुद्रा सुटतो. शिवाय कोरीव काम रंगाखाली बुजते ते वेगळेच. म्हणून सांधे भरायचे तर चुन्यानेच भरावेत. चुन्याचे काम जाणणारे कारागीर अजून मिळतात. अभिषेकाचे पाणी जाण्याची वाट मोकळी ठेवावी, छपराचे पाणी जोत्यापासून दूर न्यावे, भिंतीतील पिंपळाचे रोप लहान असतानाच काढावे. या कामांना देणगीच्या पाटीवर नाव लागत नाही, पण देऊळ यांच्यावरच उभे राहते. ज्या देणगीदारांनी टाइल्ससाठी रक्कम ठेवली आहे त्यांनी ती पाण्याच्या नालीला आणि वार्षिक देखभालीच्या निधीला द्यावी, असे मी सुचवितो. पुण्य तेवढेच पडेल, टिकेल मात्र जास्त.

एक सरकारी गोष्टही सांगून ठेवतो. एखादे देऊळ केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असेल तर २०१० च्या कायदेदुरुस्तीप्रमाणे त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. आपले देऊळ त्यात नाही. पण पाहुण्यांपैकी कुणाच्या गावी तसे असेल तर आधी चौकशी करावी. तसेच मुरूम, रेती, दगड ही सर्व गौण खनिजे, त्यांची रॉयल्टी भरून पावती ठेवावी. देवाच्या कामाला चोरीची रेती नको.

शेवटी, ज्यांच्या हातांनी बांधकामे होतात त्यांचे स्मरण केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. दगड फोडणारे वडार-बेलदार, घडविणारे पाथरवट, विटा भाजणारे कुंभार, लोहार, सुतार, आणि डोक्यावर घमेले वाहणाऱ्या माय-बहिणी. एक काळ असा होता की पायाचा दगड ज्यांनी वाहिला त्यांतील कित्येकांना कळस झाल्यावर दारातून आत येता येत नसे. ती बंदी मोडावी म्हणून १९२७ मध्ये अमरावतीला अंबादेवीच्या देवळासाठी सत्याग्रह करावा लागला, ही आपल्याच जिल्ह्याची गोष्ट. आणि आपल्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा. ऋणमोचनला पूर्णेवर १९०८ मध्ये त्यांनी घाट बांधविला, पुढे गावोगावी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी झोपडीपलीकडे काही ठेवले नाही. बांधावे कशासाठी आणि कोणासाठी, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. आपल्या देवळाच्या कलशारोहणाला कामावरचे सर्व गवंडी व मजूर कुटुंबासह पहिल्या पंगतीला बसणार आहेत, असे समितीने ठरविले, याबद्दल मी समितीचे मनापासून अभिनंदन करतो.

आणखी एक सूचना करून थांबतो. या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीबरोबर एक पान साहित्याचेही असावे. पाया किती खोल गेला, सळाखी किती जाडीच्या, सांधा कोठे सोडला, पाणी कोठून आणले, चुना कोणत्या प्रमाणात कालवला, हे सर्व त्यात लिहावे. बार्शीटाकळीच्या देवळाचे साल शिलालेखामुळे आपल्याला कळते. आपल्यानंतर पन्नास-पाऊणशे वर्षांनी या देवळाची पुन्हा दुरुस्ती निघेल. तेव्हाच्या माणसांना भिंत फोडून पाहावी लागू नये. त्यांनी हे पान काढावे आणि कामाला लागावे.